तांबड्या मातीतला ड्रॉपर : सीटच्या दांड्याची निगा आणि दुरुस्ती

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता माझ्या माउंटन बाइकची सीट बसल्याबरोबर सेंटिमीटरभर खचू लागली. चाकांत हवा पुरेशी होती, सीटचा दांडा फ्रेममध्ये धरणारा क्लॅम्प घट्ट होता आणि तरीही बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ चढताना दर पायडलाला उशीवर बसून डुलल्यासारखे वाटत असे. सायकलच्या दुकानात ‘नवीनच टाका’ एवढेच उत्तर मिळाले, म्हणून मी तो खाली-वर होणारा दांडा, म्हणजे ड्रॉपर, काढला आणि बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या मामांकडे नेला. ड्रॉपर हा प्रकार त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता, पण दोनदा दाबून आणि एकदा कानाशी धरून ते म्हणाले, “ह्याच्या तेलात हवा शिरलीय बघा.” निदान अचूक होते आणि त्यात नवल काहीच नव्हते, कारण ड्रॉपर म्हणजे जेसीबीच्या हाताला असतो त्याच जातीचा, फक्त बारीक चणीचा सिलिंडर.

ड्रॉपर सीटपोस्ट म्हणजे हँडलवरच्या खटक्याने खाली-वर होणारा सीटचा दांडा. चढावर पाय पुरता लांबावा म्हणून सीट उंच लागते, आणि उतारावर अंगाचा भार मागे व खाली नेता यावा म्हणून तीच सीट वाटेतून दूर झालेली बरी असते. पूर्वी त्यासाठी उताराच्या तोंडाशी थांबून, उतरून, सीट हाताने खाली करावी लागे. १९८४ साली अमेरिकेत जो ब्रीझ आणि जॉश एंजेल यांनी ‘हाइट राइट’ नावाची एक साधी स्प्रिंग बाजारात आणली. ती फ्रेम आणि दांडा यांच्यामध्ये बसे आणि खाली न उतरता सीटची उंची बदलता येई. आजच्या ड्रॉपरमध्ये त्या स्प्रिंगचे काम बहुधा कोंडलेला वायू करतो. ही सोय डोंगरवाटांपुरतीच आहे असे समजणाऱ्यांना २०२२ च्या मिलान–सान रेमो या इटलीतल्या रोड शर्यतीने उत्तर दिले : स्लोव्हेनियाच्या मातेय मोहोरिचने रोड बाइकला ड्रॉपर लावून पोज्जिओ या शेवटच्या टेकडीच्या उतारावर सगळ्यांना मागे टाकले आणि शर्यत जिंकली.

आतली रचना समजली की निम्मी दुरुस्ती झालीच म्हणून समजावे. बाहेरच्या नळीत आतली गुळगुळीत नळी सरकते आणि त्यांच्या पोटात एक कार्ट्रिज असते, ज्यात तेल आणि दाबाखालचा वायू, बहुधा नायट्रोजन, एका तरंगत्या पिस्टनने वेगळे ठेवलेले असतात. तेलाच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडप असते. खटका दाबला की केबल ती झडप उघडते. त्या वेळी तुम्ही सीटवर बसलेले असाल तर तुमच्या वजनाने तेल एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाते, वायू दाबला जातो आणि सीट खाली जाते. उठलात तर तोच वायू तेलाला मागे ढकलतो आणि सीट वर येते. खटका सोडल्यावर झडप मिटते, तेल जिथे असेल तिथे अडकते आणि सीट त्या उंचीवर पक्की बसते. ऑफिसच्या फिरत्या खुर्चीच्या पायातही याच तत्त्वावर चालणारी, हव्या त्या उंचीवर अडकणारी गॅस स्प्रिंग असते. फरक एवढाच की खुर्ची चिखलातून जात नाही.

या सगळ्याचा जीव तेल दाबले जात नाही या एका गुणात आहे, आणि तो गुण किती मोठा आहे हे थोड्या आकडेमोडीने कळते. समजा, झडपेमागे अडकलेल्या तेलाचा स्तंभ एक चौरस सेंटिमीटर जाडीचा आणि १५ सेंटिमीटर उंचीचा आहे आणि त्यावर ८० किलो वजनाचा माणूस बसला. तेलावरचा दाब सुमारे ८० बारने (एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाइतका) वाढेल आणि तेवढ्याने तो स्तंभ मिलिमीटरभरसुद्धा आखडणार नाही. आता त्याच तेलात फक्त एक मिलिलिटर वायू, २० बार दाबाखालचा, शिरला आहे असे धरा. माणूस बसताच दाब २० वरून १०० बारवर जातो, म्हणजे पाचपट होतो, आणि बॉइलच्या नियमाप्रमाणे वायूचे आकारमान एक पंचमांश उरते. सीट आठ मिलिमीटर खचते. माझा सेंटिमीटर असाच जमला होता. एवढ्या लचक्याला चहाच्या चमच्याचा चौथा हिस्सा वायू पुरतो.

तो वायू तेलात शिरतो कसा? एक कारण म्हणजे तरंगत्या पिस्टनवरचे सील वयोमानाने झिजणे, त्याला फारसा इलाज नाही. दुसरे कारण मात्र आपल्या हातचे असते. सीट खाली अडकलेली असताना तिलाच धरून सायकल उचलली तर कोंडलेल्या तेलावर उलटी ओढ बसते, त्याचा दाब उतरतो आणि काही बनावटींत वायूला सीलच्या कडेवरून तेलात निसटायला वाट मिळते. जांबोटीहून परतताना भर पावसात टेम्पोत सायकल चढवताना मी नेमके हेच, आणि एकदा नव्हे, पाच-सहा वेळा केले होते. सायकल उचलायची असेल तर फ्रेम धरावी, आणि टांगून किंवा उभी करून ठेवताना सीट वर असू द्यावी.

आता मातीकडे वळू, कारण आपल्या भागात ड्रॉपरची खरी परीक्षा तीच घेते. खानापूरपासून चोर्ला घाटापर्यंतची वाट जांभ्याची आहे. जांभा म्हणजे मुसळधार पावसाने खडकातली विरघळणारी द्रव्ये वाहून गेल्यावर मागे उरलेला लोहाच्या आणि अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा थर. ड्रॉपरच्या आतल्या नळीवरचा चकचकीत थरही अॅल्युमिनियम ऑक्साइडचाच असतो. अॅनोडायझिंग या विजेच्या साहाय्याने केलेल्या प्रक्रियेने तो मुद्दाम वाढवलेला असतो. चंदगडकडच्या पठारांवर जे बॉक्साईट सापडते त्यातही मूळ द्रव्य हेच. पण मातीत ते पाणी धरलेल्या, मऊ रूपात असते, तर नळीवर कठीण रूपात. त्यामुळे ओरखडे पाडणारा गुन्हेगार हा नव्हे. ते काम तांबडा रंग देणारे हेमॅटाइट, म्हणजे लोहाचे ऑक्साइड, आणि मातीत उरलेले क्वार्ट्झचे कण करतात, कारण ते अॅनोडायझिंगखालच्या मूळ धातूहून कितीतरी कठीण असतात.

झीज कशी होते तेही मजेशीर आहे. दोन पृष्ठभागांत कण सापडला तर आधी मऊ पृष्ठभाग झिजेल असे वाटते. पण मऊ पृष्ठभाग कणाला आपल्यात रुतवून घेतो आणि मग तोच कण धरून समोरच्या कठीण पृष्ठभागाला कानशीसारखा घासत राहतो. ड्रॉपरमध्ये मऊ बाजू म्हणजे आतल्या नळीला आधार देणारे प्लॅस्टिकचे बुश आणि तोंडावरचे, माती पुसून अडवणारे रबरी वायपर सील. म्हणून नळीवर उभा ओरखडा दिसला की दोष नळीत शोधू नये, वायपरच्या ओठाखाली नख फिरवून पाहावे. मी पाहिले तेव्हा नखाला तपकिरीसारखी बारीक तांबडी पूड लागली.

यावरचा रोजचा उपाय साधा आहे. फेरीनंतर सीट वर करून नळी ओल्या मऊ फडक्याने पुसावी, मग कोरडी करावी आणि वायपरच्या कडेला सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवावे. दुचाकींच्या सर्व्हिसिंगच्या दुकानात मिळणारा पाण्याचा जोरदार फवारा सीटच्या दांड्यावर मुळीच मारू देऊ नये, कारण बाहेरची माती अडवणारा तो नाजूक ओठ समोरून येणाऱ्या अशा दाबासाठी बनवलेला नसतो. पेट्रोल किंवा रॉकेलने पुसण्याची सवय तर मोडलीच पाहिजे. ती द्रव्ये ग्रीस धुऊन नेतात आणि रबर फुगवतात.

सीट मंदपणे वर येत असेल तर कार्ट्रिजला दोष देण्याआधी क्लॅम्प पाहावा. दोन नळ्यांमधली मोकळी जागा मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असते, त्यामुळे क्लॅम्प आवळला की बाहेरची नळी आत दबते आणि बुश नळीला चावते. बहुतेक ठिकाणी ५ ते ६ न्यूटन-मीटर घट्टपणा पुरतो. टॉर्क रेंच, म्हणजे घट्टपणा मोजणारा पाना, नसेल तर बोल्टच्या मध्यापासून १० सेंटिमीटरवर अॅलन की आकड्याच्या स्प्रिंगकाट्याने काटकोनात ओढावी; काटा पाच किलो दाखवू लागला की थांबावे. क्लॅम्प किंचित सैल करताच सीट सळसळून वर आली, तर दुरुस्ती तिथेच संपली. केबलचेही तसेच : ती फार ताणलेली असेल तर झडप पुरती मिटत नाही आणि सीट हळूहळू बसत जाते, फार ढिली असेल तर खटका दाबूनही काही होत नाही. थंडीत पहाटे सीट आळसावते ते मुख्यतः तेल दाट झाल्यामुळे, कारण तापमान दहा अंशांनी उतरले तरी वायूचा दाब तीन-चार टक्क्यांनीच घटतो. तेवढ्यासाठी काही उघडू नये.

उघडायचेच असेल तर केबल सोडून दांडा फ्रेमबाहेर काढावा, आणि हवा भरण्याची झडप असलेली बनावट असेल तर आधी सगळी हवा सोडून द्यावी. आत अनेकदा २०० ते ३०० पीएसआय दाब असतो, म्हणजे मोटारीच्या टायरच्या सहा-आठपट. बाहेरच्या नळीच्या तोंडावरची कॉलर फिरवून काढली आणि आतली नळी वर सरकवली की खाचांत बसलेल्या पितळी किल्ल्या दिसतात. सीट डावी-उजवीकडे वळू नये हे त्यांचे काम. त्या झिजल्या की सीटचे नाक हलू लागते, आणि बदलताना जाडीची खूण जुळवून घ्यावी लागते, कारण त्या केसभर कमी-जास्त जाडीच्या मापांत मिळतात. कुठली किल्ली कुठल्या खाचेतली, याचा काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्यावा. पुढे आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळे स्वच्छ करणे, वायपर उलटून त्याची आतली कड पुसणे, ग्रीसचा पातळ हात देणे. ही अर्ध्या तासाची कामे आहेत. दांडा बाहेर असतानाच सायकल उलटी करावी. जुलैत माझ्या फ्रेममधून पेलाभर तांबडे पाणी निघाले होते. लोखंडी फ्रेम आणि अॅल्युमिनियमचा दांडा यांच्यात असे पाणी साचले की विद्युत-रासायनिक गंज चढून दोन्ही एकजीव होतात, म्हणून परत बसवताना धातू चिकटू न देणारी अँटी-सीझ पेस्ट लावावी. कार्बन फ्रेमला मात्र तिच्यासाठीची वेगळी पेस्ट लागते.

राहता राहिले कार्ट्रिज. काही बनावटींत तेलात शिरलेली हवा बाहेर सोडण्याची सोय कंपनीनेच दिलेली असते. माझे मात्र कायमचे मिटवलेले होते. मामांनी ते व्हाइसमध्ये धरायलासुद्धा नकार दिला आणि मला नवे मागवावे लागले. जुने भंगारवाल्याला देणार होतो, तेव्हा त्यांनी पुन्हा अडवले. इथले अॅल्युमिनियमचे भंगार वितळायला भट्टीत जाते, आणि कोंडलेला वायू घेऊन भट्टीत पडलेली नळी तापली की फुटते, वितळलेला धातू अंगावर उडवत. ते कार्ट्रिज अजून माझ्या खणात, फडक्यात गुंडाळून ठेवलेले आहे.