तीन इंजिनं, एकच चूक: संभाव्यतांचा गुणाकार कधी करायचा?

५ मे १९८३ च्या सकाळी ईस्टर्न एअरलाइन्सचं ८५५ क्रमांकाचं विमान मायामीहून बहामाजमधल्या नॅसॉकडे निघालं. लॉकहीड ट्रायस्टार, तीन इंजिनं, आत १७२ माणसं. नॅसॉ जवळ आलं तेव्हा मधल्या इंजिनाचा ऑइल प्रेशरचा दिवा लागला. वैमानिकांनी ते इंजिन बंद केलं आणि विमान मायामीकडे वळवलं. एक इंजिन गेलं तरी हे विमान दोन इंजिनांवर नीट उडतं. पण थोड्याच वेळात उरलेल्या दोन्ही इंजिनांचेही दिवे लागले. तिन्ही इंजिनांत तेल शून्य, असं काटे सांगू लागले. वैमानिकांना वाटलं, काटेच बिघडले असणार. तिन्ही इंजिनांचं तेल एकाच वेळी कसं संपेल? मग ती दोन्ही इंजिनं एकामागून एक बंद पडली. विमान १३ हजार फुटांवरून समुद्राकडे उतरत राहिलं. सुमारे ४ हजार फुटांवर असताना आधी बंद केलेलं मधलं इंजिन पुन्हा सुरू झालं आणि त्याच एका इंजिनावर विमान मायामीला उतरलं. सगळे वाचले.

वैमानिकांच्या शंकेमागे एक साधा गुणाकार आहे. हिशेबापुरतं धरू, की एका उड्डाणात एक इंजिन बंद पडण्याची संभाव्यता १० हजारांत १ आहे. मग तिन्ही बंद पडण्याची संभाव्यता १/१०,००० × १/१०,००० × १/१०,०००, म्हणजे एक लाख कोटी उड्डाणांत एकदा. असं काही आपल्याच विमानात घडतंय, यापेक्षा काटा खोटा बोलतोय हे मानणं कुणालाही सोपं जाईल.

घडलं होतं ते असं. जेट इंजिनाच्या तेलाच्या वाटेत चिप डिटेक्टर नावाची एक छोटी चुंबकी खुंटी बसवलेली असते. आतले भाग झिजून तेलात धातूचे कण आले, की ते तिला चिकटतात आणि झीज वेळेत कळते. ही खुंटी जिथे बसते तिथून तेल गळू नये म्हणून तिच्यावर रबरी ओ-रिंग लागते. उड्डाणाच्या आदल्या रात्री तिन्ही इंजिनांच्या खुंट्या बदलल्या गेल्या. एरवी मेकॅनिकच्या हाती रिंगा बसवलेल्या तयार खुंट्या यायच्या. त्या रात्री स्टोअरमधून आलेल्या खुंट्यांना रिंगा नव्हत्या, आणि त्या तशाच बसवल्या गेल्या, तिन्ही ठिकाणी. उड्डाणानंतर तिन्ही इंजिनांतून तेल जाऊ लागलं.

इंजिनं तीन होती, पण त्यांच्या बिघाडाचं कारण एकच होतं. म्हणून तो गुणाकार तिथे लागूच पडत नव्हता.

शाळेत संभाव्यता शिकताना 'आणि' म्हटलं की गुणायचं, एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहतं. मूळ नियम याहून थोडा लांब आहे. अ आणि ब या दोन्ही घटना घडण्याची संभाव्यता काढायची तर अ ची संभाव्यता घ्यायची आणि तिला 'अ घडली आहे हे धरून' ब ची जी संभाव्यता येते तिने गुणायचं. या दुसऱ्या संख्येला सशर्त संभाव्यता म्हणतात. अ घडल्यामुळे ब च्या संभाव्यतेत काहीच फरक पडत नसेल, तर त्या घटना स्वतंत्र. फक्त तेव्हाच सशर्त संभाव्यतेच्या जागी ब ची साधी संभाव्यता चालते. फरक पडत असेल तर त्या परावलंबी.

याची सवय लावायला मेंढीकोटाइतकं चांगलं साधन नाही. ५२ पत्ते, चार भिडू, प्रत्येकाला १३. सगळा जीव चार दश्श्यांत. वाटप झाल्यावर चारही दश्श्या तुमच्याच हातात असण्याची संभाव्यता किती? घाईत उत्तर येतं: प्रत्येक दश्शी माझ्याकडे येण्याची संभाव्यता १/४, म्हणून १/४ चार वेळा गुणायचं, म्हणजे २५६ त १.

आता एकेक पायरी घेऊ. पत्त्यांना एकूण ५२ जागा आहेत, त्यांतल्या १३ तुमच्या. बदाम दश्शी तुमच्याकडे येण्याची संभाव्यता १३/५२, इथवर सगळं बरोबर. ती आली, की उरल्या ५१ जागा, आणि तुमच्या हातात रिकाम्या १२. म्हणून इस्पिक दश्शीसाठी १२/५१. मग चौकटसाठी ११/५०, किलवरसाठी १०/४९. गुणाकार येतो साधारण ३७९ त १. घाईच्या उत्तरापेक्षा बराच कमी, कारण आलेली प्रत्येक दश्शी तुमच्या हातातली एक जागा अडवते आणि पुढचीची वाट अरुंद करते. एकही दश्शी न येण्याचं गणितही असंच: ३९/५२ × ३८/५१ × ३७/५० × ३६/४९, म्हणजे सुमारे ३०.४ टक्के. स्वतंत्र धरून काढलं तर ३१.६ टक्के. इथे फरक नगण्य. नेहमीच्या, वारंवार घडणाऱ्या गोष्टींत स्वतंत्र मानल्याची चूक अनेकदा अशी झाकून जाते. ती उघडी पडते ती दुर्मीळ गोष्टींत, आणि आपल्याला भीती वाटते किंवा आशा असते ती नेमकी दुर्मीळ गोष्टींचीच.

पत्त्यांतच एक प्रश्न आहे, जो चांगल्या चांगल्यांना चकवतो. गड्डी पिसली, वरचा पत्ता न बघता पालथा बाजूला ठेवला. आता दुसरा पत्ता एक्का असण्याची संभाव्यता किती? एक पत्ता कमी झाला म्हणून अनेक जण ५१ ने भागायला बसतात. उत्तर ४/५२ च राहतं. पहिला एक्का असेल तर दुसऱ्याची संभाव्यता ३/५१, नसेल तर ४/५१. दोन्ही शक्यता त्यांच्या त्यांच्या वजनाने मिळवल्या की बरोबर १/१३ येतो. पत्ता हलवल्याने काही बदलत नाही, तो काय आहे हे कळल्याने बदलतं. उलट दिशेनेही तसंच: दुसरा पत्ता एक्का निघाला हे कळलं, तर आधी उचललेला पालथा पत्ता एक्का असण्याची संभाव्यता ४/५२ वरून ३/५१ वर येते, जरी दुसऱ्या पत्त्याने पहिल्यावर मागे जाऊन काही केलेलं नाही. परावलंबी असणं म्हणजे एकाने दुसऱ्याला घडवणं नव्हे. एकाविषयीची माहिती दुसऱ्याविषयीचा अंदाज बदलते, एवढाच त्याचा अर्थ.

फासे तर याहून फसवे. दोन फासे टाकले. 'पहिल्यावर ३ पडले' आणि 'बेरीज ७ आली' या घटना परावलंबी दिसतात, कारण बेरजेत पहिला फासा आहेच. पण त्या स्वतंत्र आहेत. पहिल्यावर काहीही पडो, बेरीज ७ व्हायला दुसऱ्यावर एक ठरावीक आकडा लागतो आणि त्याची संभाव्यता १/६. एरवीही ७ ची संभाव्यता ६/३६, म्हणजे १/६ च. बेरीज ८ घेतली की हे मोडतं. ८ ची एरवीची संभाव्यता ५/३६, पहिल्यावर ३ असताना १/६, आणि पहिल्यावर १ पडला तर शून्य. नजरेने ठरवू नये, आकडे मांडून पाहावेत.

विद्यार्थ्यांची एक ठरलेली गल्लत इथेच सांगायला हवी. एकाच वेळी घडूच शकत नाहीत अशा परस्पर अपवर्जी घटनांना ते स्वतंत्र समजतात. एका नाण्यावर छापा आला की काटा नाही हे पक्कं कळतं. एकीमुळे दुसरीबद्दल इतकं कळत असेल तर त्या स्वतंत्र कशा?

स्वतंत्र घटनांना परावलंबी समजण्याची उलटी चूकही होते. १८ ऑगस्ट १९१३ ला मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटवर, म्हणजे फिरत्या चाकाच्या जुगारात, काळा रंग सलग २६ वेळा आला आणि 'आता लाल यायलाच हवा' म्हणत लोकांनी प्रचंड पैसा घालवला. चाकाला ३७ खाने, त्यांत १८ लाल, १८ काळे, एक शून्य. ठरावीक २६ डाव ओळीने काळे येण्याची संभाव्यता सुमारे १३.७ कोटींत १ खरी. पण हा हिशेब पहिला डाव सुरू होण्याआधीचा. २५ काळे येऊन गेल्यावर २६ व्याची संभाव्यता तीच १८/३७, कारण चाकाला स्मरणशक्ती नसते. आपल्याकडे हीच चूक घराघरांत ऐकू येते: 'तीन मुली झाल्या, आता मुलगा होणारच.' चौथ्या वेळीही संभाव्यता जवळपास निम्मीच असते. या चुकीच्या हिशेबापायी कितीतरी बायकांवर आणखी एक बाळंतपण लादलं गेलं आहे, म्हणून ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

न्यायालयात गुणाकार चुकला तर काय होतं, हे इंग्लंडने पाहिलं. सॅली क्लार्क या वकील असलेल्या बाईंची दोन बाळं एकामागून एक अचानक दगावली आणि खून केल्याचा आरोप त्यांच्यावर आला. १९९९ च्या खटल्यात बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी साक्ष दिली: क्लार्क यांच्यासारख्या घरात एका बाळाचा पाळण्यात अचानक मृत्यू होण्याची संभाव्यता ८,५४३ त १, म्हणून दोघांची सुमारे ७.३ कोटींत १. हा निव्वळ ८,५४३ चा वर्ग. पण दोन्ही बाळं एकाच आईबापांची, एकाच घरातली. एखादा आनुवंशिक दोष किंवा घरातलं एखादं कारण दोघांनाही लागू होऊ शकतं, म्हणजे पहिला मृत्यू झाल्यावर दुसऱ्याची संभाव्यता ८,५४३ त १ इतकी कमी धरता येत नाही. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीरपणे सांगितलं, की या गुणाकाराला संख्याशास्त्रीय आधार नाही. त्यात आणखी एक घोळ होता. निर्दोष आईच्या घरी असं घडण्याची संभाव्यता आणि असं घडलेलं असताना ती आई निर्दोष असण्याची संभाव्यता या दोन वेगळ्या संख्या आहेत. एकाच आईने दोन बाळांचा खून करणं हेही अत्यंत दुर्मीळ. तुलना त्या दोन दुर्मीळ गोष्टींची व्हायला हवी होती. २००३ मध्ये क्लार्क यांची शिक्षा रद्द झाली. तोवर तीनहून अधिक वर्षं तुरुंगात गेली होती. २००७ मध्ये त्या वारल्या.

मग प्रत्यक्षात कसं तपासायचं? नोंदी असतील तर सोपं आहे. समजा १०० दिवसांच्या नोंदीत २० दिवस लोकल उशिरा आली आणि ३० दिवस बस. दोन्ही स्वतंत्र असतील तर एकाच दिवशी दोन्ही उशिरा असण्याचे दिवस सुमारे १०० × ०.२ × ०.३, म्हणजे ६ निघतील. ५ किंवा ८ निघाले तर तो योगायोग असू शकतो. १५ निघाले तर दोन्हींच्या मागे काहीतरी समान आहे. मुंबईत ते बहुतेक वेळा पाऊसच असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा लोकल, रस्ते आणि विमानतळ सगळंच एकदम ठप्प झालं. 'लोकल नाही तर बस' हा पर्याय चार थेंबांच्या दिवशीच पर्याय असतो.

नोंदी नसतील तर यंत्रणा सुरक्षित ठेवणारे अभियंते एक युक्ती वापरतात. एका पंपाची ऐन वेळी न चालण्याची संभाव्यता हजारात १ आणि जोडीला तसाच दुसरा पंप. स्वतंत्र धरलं तर दोन्ही न चालण्याची संभाव्यता १० लाखांत १. आता एवढंच माना, की १०० बिघाडांपैकी ५ बिघाडांचं कारण दोन्ही पंपांना एकदम गाठणारं असतं: तोच वीजपुरवठा, तेच भेसळीचं वंगण, तोच पूर. मग दोन्ही एकदम जाण्याची संभाव्यता ०.०५ × १/१०००, म्हणजे २० हजारांत १. धोका एकदम ५० पट. खरा धडा पुढे आहे. या जोडीला तिसरा तसाच पंप आणला तर कागदावरची संभाव्यता १०० कोटींत १ होते, पण ते समान कारण तिसऱ्यालाही गाठत असेल तर प्रत्यक्षातली २० हजारांत १ च्या आसपासच राहते. पैसे गेले, सुरक्षा तिथेच. तेच पैसे वेगळ्या जातीचा, वेगळ्या जागी, वेगळ्या विजेवर चालणारा दुसरा पंप घ्यायला वापरले तर ती पाच टक्क्यांची गाठ सैल होते. परीक्षेच्या सकाळसाठी एकाच फोनवर तीन गजर लावणाऱ्यालाही हेच लागू आहे. रात्रीत बॅटरी संपली तर तिन्ही गजर एकदम गेले. टेबलावर सेलचं घड्याळ ठेवलं तर ते वाजेल. घरातल्या फोटोंच्या दोन हार्ड डिस्क एकाच कपाटात असतील, तर चोराच्या आणि आगीच्या दृष्टीने ती एकच प्रत आहे.

विमानवाल्यांनी हा विचार नियमांतच आणला. दोन इंजिनांचं विमान समुद्रावरून लांब न्यायचं असेल, तर दोन्ही इंजिनांवर तेच काम एकाच मेकॅनिकने एका वेळी करणं टाळलं जातं. हात वेगळे, दिवस वेगळा, म्हणजे चूकही वेगळी.

फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्रात ११ मार्च २०११ ला भूकंपाने बाहेरची वीज गेली तेव्हा आणीबाणीसाठी १३ डिझेल जनरेटर होते. त्सुनामीचं पाणी आल्यावर त्यांतला एकच वीज देत राहिला. समुद्राच्या पाण्याने थंड होणारे बहुतेक तळमजल्यांत आणि तळघरांत होते. हवेने थंड होणारे आणखी दोन जनरेटर पाण्यापासून वाचले, पण त्यांची वीज पुढे नेणारे स्विचबोर्ड तळघरात बुडाले. जो चालू राहिला तो ६ क्रमांकाच्या अणुभट्टीचा होता: हवेने थंड होणारा, वेगळ्या इमारतीत, उंच जमिनीवर, आणि त्याचा स्विचबोर्डही कोरडा. त्या एकावर ५ आणि ६ या दोन अणुभट्ट्या तगल्या.