परदेशाचं तिकीट काढण्याआधी : लातूर, धाराशिव, नांदेडच्या प्रवाशांसाठी

आमच्या विमान तिकिटांच्या कार्यालयात येणारा जवळपास प्रत्येक जण खुर्चीत बसायच्या आधीच विचारतो, "सगळ्यात स्वस्त तिकीट केवढ्याला?" प्रश्न रास्त आहे. पण स्क्रीनवर दिसणारा आकडा हा अर्धाच हिशोब असतो. घराला कुलूप लावल्यापासून लेकीच्या दारात बॅग टेकवेपर्यंत जेवढे पैसे जातात, तेवढं खरं भाडं.

मुंबई की हैदराबाद, हे आधी ठरवा. लातूरकरांच्या तोंडी मुंबईच येते, कारण रात्रीची रेल्वे सवयीची आहे. मुंबईहून विमानं जास्त आणि भाडंही पुष्कळदा कमी. पण नांदेडहून मुंबई साधारण पावणेसहाशे किलोमीटर, तर हैदराबाद पावणेतीनशेच्या आसपास. उदगीर, निलंगा, देगलूरकडच्या लोकांनाही हैदराबादच सोयीचं. हैदराबादचं शमशाबाद विमानतळ शहराबाहेर असल्याने आउटर रिंग रोडने गर्दीत न शिरता पोचता येतं. मुंबईच्या तिकिटात दोन-तीन हजार वाचले आणि रेल्वेचं तिकीट वेटिंगवरच राहिलं, तर ऐनवेळी गाडी करायला किती लागतात हे सांगायला नको. दुबई, दोहा, जेद्दाला जाणाऱ्यांनी तर हैदराबाद आधी बघावं.

आता भाड्याविषयी. एकाच विमानातल्या, एकाच वर्गाच्या खुर्च्या वेगवेगळ्या दरांच्या गटांत विभागलेल्या असतात. स्वस्त गट आधी संपतो. त्यामुळे पाच जणांचं तिकीट एकदम शोधलं आणि स्वस्त गटात तीनच जागा उरल्या असतील, तर बहुतेक वेळा पाचही जणांना वरचा दर लागतो. म्हणून आम्ही आधी एकाचं, मग दोघांचं, मग सगळ्यांचं भाडं बघतो. तारीख तीन-चार दिवस मागेपुढे करायची तयारी असेल तर सांगून ठेवा, सर्वांत मोठा फरक तिथेच पडतो. अमेरिकेचं भाडं मे-जून आणि डिसेंबरात चढतं, उमराहचं रमजानमध्ये. लांबच्या देशाला परतीचं तिकीट एकत्र काढलेलं बहुतेक वेळा दोन एकेरी तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं. विद्यार्थ्यांना काही कंपन्या जादा वजन देतात, ते विचारायला लाजू नका. आणि अमुक वारी मध्यरात्री तिकीट स्वस्त मिळतं म्हणून जागत बसू नका, तसा कुठला नियम नाही.

एक कळकळीची विनंती. आई-वडील पहिल्यांदा एकटे निघत असतील तर दोन वेगवेगळी तिकिटं जोडून प्रवास करू नका. औसा तालुक्यातल्या एका जोडप्याच्या मुलाने तशी तिकिटं घेतली होती. पहिलं विमान तीन तास उशिरा पोचलं, तोवर दुसरं निघून गेलं. तिकिटं वेगळी, म्हणून दुसऱ्या कंपनीने हात वर केले. अनोळखी विमानतळावर दोघं रात्रभर बाकावर बसून राहिले, आणि वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट नव्या तिकिटांना गेले. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, असते तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीवर होतं. शिवाय वेगळ्या तिकिटांत सामान मधल्या देशात उतरवून पुन्हा द्यावं लागू शकतं, आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. युरोप किंवा ब्रिटनमार्गे एकाच तिकिटावर जात असाल तरी ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे मधल्या विमानतळावर विमान बदलण्यापुरता व्हिसा, लागतो का, हे पैसे भरण्याआधी बघायचं. मधला वेळ वयस्करांसाठी तीन तासांपेक्षा कमी नको. व्हीलचेअरची नोंद तिकीट काढतानाच करून घेऊ. त्यात कमीपणा नाही, माणूस सोबत असतो आणि भाषेची अडचण सुटते.

तारीख नीट वाचा. १५ तारखेला पहाटे २ वाजून १० मिनिटांचं विमान म्हणजे १४ च्या रात्री विमानतळावर. ही चूक शिकलेल्या माणसांकडूनही होते.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतरही किमान सहा महिने चालू असावा. तिकिटावरचं नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, घरात काहीही म्हणत असले तरी. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आम्हाला आधी सांगा. दुबई-अबूधाबीकडे एकाच नावाच्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसा चालत नाही. अमेरिकेचा चालू व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत घ्या. तो व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका वेळी किती राहायचं ते तिथे उतरल्यावर ठरतं. आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर येते ती तारीख पाळायची. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अमेरिकेला तशी सक्ती नाही, तरीही विम्याशिवाय आई-वडिलांना पाठवू नका. बीपी, शुगर आधीपासून असेल तर विमा घेताना लपवू नका.

सामानाकडे आमचं बारीक लक्ष असतं, कारण त्यात घरच्यांचा जीव गुंतलेला असतो. येसर, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, खारोड्या हे कोरडे पदार्थ नीट सीलबंद करून चेक-इन बॅगेत. लोणचं आणि तूपही तिथेच, दोन-तीन पिशव्यांत गुंडाळून. सुकं खोबरं मात्र चेक-इनमध्ये चालत नाही, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं. आखातात जाताना खसखस बिलकूल नको. अमिरात आणि सौदीत तिला अमली पदार्थात धरतात, म्हणजे खसखस लावलेले दिवाळीचे अनारसेसुद्धा घरीच ठेवा. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात खाण्याचं जे असेल ते फॉर्मवर लिहा. लिहिलं तर फार तर काढून घेतील, लपवलं तर दंड. पॉवर बँक आणि औषधं हातातल्या बॅगेत, औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या असतील तर आखातासाठी आधी परवानगी लागू शकते.

आखातात कामाला जाणाऱ्या भावांनो, व्हिजिट व्हिसावर कामाला जाऊ नका. एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का, हे तुमच्यासमोर फुकट तपासून देऊ. नोंदलेल्या एजंटला ३०,००० रुपये आणि जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं, तेही पावतीसह. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी हवी असा शेरा, असतो. १८ देशांत कामाला जाताना त्यांना सरकारी मंजुरी लागते, आणि ती मिळेपर्यंत तिकीट काढू नका.

येताना पासपोर्ट, व्हिसा असल्यास तो, आणि तिथल्या मुलाचा किंवा मालकाचा पत्ता आणा. बॅग भरून आणलीत तरी चालेल, वजनकाटा दारातच ठेवलाय. अमेरिकेच्या बहुतेक तिकिटांवर एका बॅगेला २३ किलो धरतात. एक २६ आणि दुसरी २० असं भागत नाही, जास्तीचं सामान इथेच इकडून तिकडे करू.