अकरा महिन्यांचा करार

घर किंवा खोली ठरावीक मुदतीपुरती, मोबदला घेऊन, दुसऱ्याला वापरू देण्याचा लेखी करार. कायद्याच्या दृष्टीने हा भाडेपट्टा नसून परवाना (लिव्ह अँड लायसन्स), म्हणजे जागेत हक्क न देता फक्त वापरण्याची मुभा, असतो. बोलण्यात दोन्हींना ‘भाडेकरार’च म्हणतात. सांगली-मिरज आणि साताऱ्यात राहत्या घरावर मजला चढवून दोन-चार खोल्या भाड्याने लावणाऱ्या घरमालकांत हाच प्रकार रूढ आहे.

मुदत अकराच महिन्यांची का, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले नोंदणी अधिनियम, 1908 कडे बोट दाखवते. त्याच्या कलम 17 नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे सक्तीचे होते. बारावा महिना टाळला की नोंदणीही टळे. दुसऱ्या मताप्रमाणे ही प्रथा मुंबई भाडे नियंत्रण अधिनियम, 1947 च्या धाकातून आली : मुदत आखूड ठेवली तर भाडेकरूला कुळाचे संरक्षण मिळत नाही, असा समज होता. मात्र 1973 च्या दुरुस्तीने घातलेले कलम 15-अ पाहता हे मत टिकत नाही. 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू कराराखाली किमान एक खोली ताब्यात असलेला परवानाधारक या कलमाने भाडेकरू ठरला. करार किती महिन्यांचा, हे त्यात विचारलेलेच नाही. त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. करारावर ‘परवाना’ असे लिहिल्यानेही तो परवाना ठरत नाही. पक्षकारांचा हेतू पाहावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर (1959) या निकालात सांगितले आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 (अंमल 31 मार्च 2000 पासून) आल्यावर अकरा या आकड्याला कायदेशीर अर्थ उरला नाही. कलम 55 नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो वा तीन वर्षांचा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का घेतला की काम झाले, हा समज अजून गेलेला नाही. राहण्यासाठी दिलेली जागा मुदत संपूनही सोडली नाही, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. दुकानाच्या गाळ्याला ही वाट नाही.

मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परत करावयाच्या अनामतीवरील वार्षिक 10 टक्के धरून त्या बेरजेवर 0.25 टक्के आकारतात. सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका खोलीचे भाडे 6,000 रुपये आणि डिपॉझिट 20,000 रुपये धरले, तर अकरा महिन्यांसाठी ते सुमारे 170 रुपये होते. शहरी हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये, म्हणजे शुल्काच्या कितीतरी पट.

प्राप्तिकरासाठी भाड्यातून मालकाने भरलेली घरपट्टी वजा करतात. उरलेल्या रकमेवर दुरुस्तीपोटी सरसकट 30 टक्के सूट मिळते. पावत्या लागत नाहीत. गृहकर्जाचे व्याजही वजा होते. मात्र त्यातून निघणारा तोटा नव्या करपद्धतीत पगार वा धंद्याच्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. जुन्या पद्धतीत वर्षाला 2 लाखांपर्यंत येतो. कर्जाबाबत स्थानिक अडचण गुंठेवारीची, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेल्या जमिनींची. 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित न झालेल्या जागेवर बँका सहसा कर्ज देत नाहीत, आणि सांगलीत अशा वसाहती बऱ्याच आहेत.

छापील मसुद्यात पंखे किती, ट्यूबलाइट किती, नळाच्या तोट्या कोणत्या, एवढे सारे असते. पूर मात्र नसतो. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली, तेव्हा तळमजल्यांवर पाणी होते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 62 नुसार जागा नष्ट झाली किंवा कायमची निरुपयोगी झाली तर परवाना संपतो. आठ-दहा दिवसांचे पाणी त्यात बसत नाही. त्या दिवसांचे भाडे आणि गाळ काढण्याचा खर्च कोणाचा, हे करारातच लिहावे लागते.