एकाच बैठकीतले रेडिएशन: अडीच टक्क्यांच्या वादाची पार्श्वभूमी

सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्तनाच्या कर्करोगात फक्त गाठ काढून स्तन वाचवता येतो, हे १९७०च्या दशकात मिलानमध्ये आणि अमेरिकेत सुरू झालेल्या मोठ्या चाचण्यांनी सिद्ध केले. पूर्ण स्तन काढल्याने आयुष्य वाढत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. त्याबरोबर एक अट मात्र आली. शस्त्रक्रियेनंतर संपूर्ण स्तनाला रेडिएशन घ्यायचे, तेही आठवड्याचे पाच दिवस, पाच-सहा आठवडे. रेडिएशनचे मशीन जिल्ह्याच्या ठिकाणीही नसेल, तिथल्या बाईला ही अट पेलणे किती कठीण जाते, ते आपल्याकडच्या डॉक्टरांना वेगळे सांगायला नको. दोन पर्याय असूनही अनेकींनी स्तन काढून टाकण्याचा मार्ग धरला, त्याला हेही एक कारण होते.

अख्ख्या स्तनाला किरण देण्याची गरजच आहे का, या प्रश्नाला बळ देणारे एक काम मुंबईत झाले. परळच्या कर्करोग रुग्णालयात काढलेल्या ४० स्तनांची आरपार तपासणी करण्यात आली आणि १९९६ साली ती प्रसिद्ध झाली. ६३ टक्के स्तनांमध्ये मूळ गाठीखेरीज कर्करोगाची आणखी छोटी ठाणी सापडली, आणि त्यांतली बहुतेक गाठीपासून दूरच्या भागात होती. तरीही प्रत्यक्षात आजार उलटतो तो बहुतेक वेळा जुन्या जागेजवळच. मग दूरची ठाणी निपचित राहत असतील, तर किरण गाठीच्या खाचेपुरतेच का देऊ नयेत?

यातूनच लंडनमध्ये १९९८ साली पहिल्या रुग्णावर नवा उपचार झाला. गाठ काढल्यावर, टाके घालण्याआधी, त्या पोकळीत एक गोल टोकाचे उपकरण ठेवायचे आणि वीस मिनिटे ते अर्धा तास कमी शक्तीचे क्ष-किरण द्यायचे. खाचेच्या पृष्ठभागाला २० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक), एक सेंटिमीटर आत ५ ते ७ ग्रे. जाड भिंतींची खास खोली लागत नाही, नेहमीचे ऑपरेशन थिएटर पुरते. २००० ते २०१२ या काळात ११ देशांतल्या ३४५१ स्त्रियांनी या उपचाराची संपूर्ण स्तनाच्या नेहमीच्या रेडिएशनशी तुलना करणाऱ्या ‘टार्गिट-ए’ चाचणीत भाग घेतला. काढलेल्या गाठीच्या तपासणीच्या अहवालात धोका जास्त दिसला तर पूर्ण स्तनाचे रेडिएशनही द्यायचे, हे आधीच ठरलेले होते.

खरा वाद पेटला तो निकालाच्या मोजमापावर. चाचणी आखताना नेहमीच्या उपचारानंतर पाच वर्षांत सुमारे ६ टक्के जणींना त्याच स्तनात आजार उलटेल, असे धरले होते. त्यावरून नवा उपचार २.५ टक्क्यांपर्यंत मागे राहिला तरी चालेल, अशी सीमा आखली गेली. प्रत्यक्षात नेहमीच्या उपचाराचा आकडा १.३ टक्के निघाला आणि नव्याचा ३.३. सीमा ओलांडलेली नाही, पण प्रमाण अडीच पट. एक बाजू म्हणाली, शंभरात दोघींचाच फरक, आणि आठवडेच्या आठवडे वाचतात. दुसरी म्हणाली, ६ टक्क्यांसाठी आखलेली रेघ सव्वा टक्क्याला लावणे अयोग्य आहे, शिवाय निम्म्या स्त्रियांचा पाठपुरावा अडीच वर्षांचाही झालेला नाही. मला दुसऱ्या बाजूचा रेघेवरचा आक्षेप अधिक वजनदार वाटतो. सीमा कुठे असावी हे ज्यांनी ठरवले, त्यांना आजार पुन्हा सोसायचा नव्हता.

एकाच शस्त्रक्रियेत किरण दिलेल्या स्त्रियांमध्ये फरक कमी होता: नव्या उपचारात २.१ आणि नेहमीच्यात १.१ टक्के. जखम पुन्हा उघडून नंतर उपचार झालेल्यांमध्ये तो ५.४ आणि १.७ झाला. म्हणजे ‘टार्गिट’ एकच नव्हते, त्यात दोन वेगवेगळ्या पद्धती होत्या. एकाच सरासरीत त्या घातल्याने गोंधळ वाढला. त्याच सुमारास मिलानमधल्या दुसऱ्या चाचणीत, इलेक्ट्रॉन किरणांच्या एकाच मात्रेनंतर, पाच वर्षांत ४.४ टक्के जणींना आजार उलटला, तर नेहमीच्या गटात ०.४. दोन्ही पद्धती वेगळ्या, पण टीकाकारांनी हा आकडा हाताशी ठेवला.

इंग्लंडमध्ये नव्या उपचारांचे मूल्यमापन करणाऱ्या संस्थेने २०१४ च्या मसुद्यात या पद्धतीला अनुकूलता दाखवली. अंतिम निर्णय २०१८ च्या जानेवारीत आला: ज्या केंद्रांकडे मशीन आहे त्यांनीच वापरावे, रुग्णाला सगळे समजावून सांगावे, नोंद ठेवावी. नवीन खरेदी नको.

२०२० च्या ऑगस्टमध्ये ‘टार्गिट-ए’च्या दीर्घ पाठपुराव्याचे आकडे आले. एकाच शस्त्रक्रियेतल्या गटात पाच वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण २.११ विरुद्ध ०.९५ टक्के. स्तनाच्या कर्करोगाखेरीज इतर कारणांनी झालेले मृत्यू ४५ विरुद्ध ७४, म्हणजे नव्या गटात कमी. ते किरण हृदयाला आणि फुप्फुसाला कमी लागल्याने की योगायोगाने, यावर मतभेद कायम आहेत.

पण तोवर तुलनाच बदलली होती. ब्रिटनमध्ये आधीच तीन आठवड्यांत १५ मात्रांची पद्धत रूढ होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ४०९६ रुग्णांवरच्या चाचणीने पाच मात्रांत, एका आठवड्यात, २६ ग्रे देणे तितकेच परिणामकारक ठरवले. कमी धोका असलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या फक्त एका भागाला किरण देणे पुरते, हेही २०१७ साली दिसले होते. एका दिवसाच्या उपचाराचा मूळ दावा सहा आठवड्यांच्या त्रासासमोर उभा होता. आता त्याला एका आठवड्यासमोर उभे राहावे लागते.