मुक्त ऊर्जेच्या हिशेबामागचा इतिहास

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी-निफाडकडच्या वायनरींमध्ये द्राक्षांचा रस आंबू लागला की टाक्या सतत थंड ठेवाव्या लागतात, कारण साखरेचे अल्कोहोल होताना उष्णता बाहेर पडते. ही उष्णता हेच अभिक्रिया घडण्याचे कारण, असे एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांनी ठामपणे सांगितले असते. डेन्मार्कचे थॉमसन आणि फ्रान्सचे बर्थेलो यांचे मत असे होते की, जिच्यातून सर्वाधिक उष्णता निघते तीच अभिक्रिया आपोआप घडते. अभिक्रिया कोणत्याही टप्प्यांनी झाली तरी एकूण उष्णता तेवढीच, या हेस यांच्या 1840 च्या नियमामुळे उष्णतेची बेरीज-वजाबाकी सोपी झालेलीच होती, त्यामुळे हे मत सोयीचेही होते. परंतु नवसागर पाण्यात टाकला की पाणी गार पडते आणि तरीही तो आपोआप विरघळतो, याचा खुलासा त्यातून होत नव्हता.

क्लॉसियस यांनी 1865 मध्ये एन्ट्रॉपी (ढोबळमानाने, ऊर्जा आणि कण किती विखुरलेले आहेत याचे माप) ही संज्ञा रूढ केली. पण ती उष्णता-यंत्रांच्या विचारातून आली होती. रसायनशास्त्रात तिला खरे स्थान दिले ते अमेरिकेतील गिब्ज यांनी, 1875 ते 1878 या काळात, कनेक्टिकटच्या एका विद्वत्सभेच्या फारशा न वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकातून. 1882 मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी 'मुक्त ऊर्जा' हा शब्दप्रयोग केला. स्थिर तापमान व दाबाला ही मुक्त ऊर्जा घटत असेल तरच अभिक्रिया आपोआप घडू शकते. मुक्त ऊर्जेतील बदल म्हणजे एन्थाल्पीतील बदलातून (स्थिर दाबाला घेतलेल्या वा सोडलेल्या उष्णतेतून) तापमान आणि एन्ट्रॉपीतील बदल यांचा गुणाकार वजा करणे, हे सूत्र आज बारावीच्या विद्यार्थ्यालाही पाठ असते.

सूत्र हाती आले तरी एन्ट्रॉपीचा आकडा केवळ उष्णतेच्या मोजमापांवरून काढता येत नव्हता, आणि माझ्या मते या इतिहासातला खरा पेच हाच होता. 1906 मध्ये नेर्न्स्ट यांनी, निरपेक्ष शून्याजवळ अभिक्रियेतील एन्ट्रॉपीचा बदलही शून्याकडे जातो, असे मांडले. प्लांक यांनी पुढे जाऊन शुद्ध स्फटिकाची एन्ट्रॉपीच तेथे शून्य धरली. त्यामुळे अतिशीत तापमानापासून उष्माधारिता (तापमान एका अंशाने वाढवायला लागणारी उष्णता) मोजत वर यावे, वाटेत पदार्थ वितळला (इथेनॉल सुमारे 159 केल्विनला वितळते) तर त्या वितळण्याचाही वाटा धरावा, अशी पद्धत बसली. 1923 मध्ये लुईस आणि रँडल यांच्या ग्रंथाने ही आकडेमोड रसायनशास्त्रज्ञांच्या रोजच्या वापरात आणली.

आता टाकीतली अभिक्रिया घ्या. 298 केल्विनला घन ग्लुकोजच्या एका मोलपासून दोन मोल इथेनॉल आणि दोन मोल कार्बन डायऑक्साइड होताना एन्थाल्पी सुमारे 69 किलोज्यूलने घटते, तर एन्ट्रॉपी प्रतिकेल्विन सुमारे 537 ज्यूलने वाढते. 298 ने गुणल्यावर एन्ट्रॉपीचा वाटा 160 किलोज्यूल भरतो आणि मुक्त ऊर्जेतील घट सुमारे 229 किलोज्यूल येते. म्हणजे दोन-तृतीयांशाहून अधिक भार एन्ट्रॉपीचा आहे, आणि तो मुख्यतः बुडबुड्यांच्या रूपाने निघून जाणाऱ्या वायूमुळे. प्रत्यक्ष रसात साखर विरघळलेली असल्याने हे आकडे थोडे बदलतात, आणि यीस्टही त्यातली काही ऊर्जा स्वतःसाठी राखते. किण्वन, म्हणजे रस आंबण्याची क्रिया, किती दिवस चालेल, हे मात्र या हिशेबातून निघत नाही. ते यीस्टवर आणि टाकीच्या तापमानावर ठरते.