बिघडलेल्या जनुकाची साक्ष

उत्क्रांतीचा पुरावा म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जीवाश्म येतात. ते योग्यच आहे. पण मला अधिक बोलका वाटणारा पुरावा आपल्याच पेशींत आहे, आणि तो एका बिघाडाच्या रूपात आहे.

कुत्रा, गाय, उंदीर असे बहुतेक सस्तन प्राणी आपल्याला लागणारे क जीवनसत्त्व यकृतातच तयार करतात. माणसाला ते आहारातून मिळाले नाही, तर स्कर्व्ही होतो, हिरड्यांतून रक्त येऊ लागते, कारण या निर्मितीची शेवटची पायरी पार पाडणारे विकर (एन्झाइम) आपले शरीर बनवू शकत नाही. विकर नसले, तरी ते घडवणाऱ्या जनुकाचे अवशेष मात्र आपल्या आठव्या गुणसूत्रावर अजून पडून आहेत. काही तुकडे गळालेले, उरलेल्यांत बदल झालेले. चिंपांझी, गोरिला आणि माकडे यांच्यातही हेच जनुक निकामी आहे, तर नात्याने दूरच्या लेमूरमध्ये ते शाबूत आहे. गिनीपिगलाही क जीवनसत्त्व बनवता येत नाही, पण त्याच्या जनुकाची मोडतोड वेगळ्या प्रकारे झालेली आहे.

जुन्या पोथ्यांचे संपादक दोन प्रतींचे नाते ठरवताना शुद्ध मजकुरापेक्षा चुकांकडे लक्ष देतात, कारण त्याच ठिकाणी तीच ओळ दोन्हींत गळालेली असेल, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. जनुकांनाही हाच न्याय लागू पडतो. सारख्या गरजेमुळे दोन प्राण्यांना सारखे अवयव लाभले, असे एक वेळ म्हणता येईल. पण निकामी जनुक सारखेच असण्याची गरज कोणालाच नसते.

दुसरे उदाहरण गुणसूत्रांचे. माणसात त्यांच्या २३ जोड्या असतात, तर चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यात २४. पूर्वज समान असेल, तर ही एक जोडी गेली कुठे? अख्खे गुणसूत्र गमावून जीव तगणे जवळजवळ अशक्य, तेव्हा दोन गुणसूत्रे एकमेकांना चिकटून एक झाली असली पाहिजेत. हे तपासून पाहता येते. प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला डीएनएच्या सहा अक्षरांचा एक ठरावीक क्रम पुन्हा पुन्हा येतो, आणि टोकाला टोक जुळले असेल, तर तो क्रम गुणसूत्राच्या मधल्या भागात सापडायला हवा, तोही सांध्याच्या दोन्ही बाजूंना उलटसुलट दिशांनी. माणसाच्या दुसऱ्या गुणसूत्रात नेमके हेच १९९१ मध्ये सापडले. शिवाय एका गुणसूत्राला एकच गुणसूत्रबिंदू, म्हणजे पेशी विभागताना गुणसूत्र जिथून ओढले जाते ती जागा, असतो. इथे मात्र दुसऱ्या, निष्क्रिय झालेल्या बिंदूच्या खुणाही आहेत.

खडकांतही असाच आधी अंदाज, मग शोध घडला आहे. चार पायांचे प्राणी माशांपासून आले असतील, तर मधल्या अवस्थेतले जीव सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत मिळावेत, असा हिशेब तोवरच्या जीवाश्मांवरून करून जीवाश्मशास्त्रज्ञ नील शूबिन आणि त्यांचे सहकारी कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समिअर बेटावर वर्षानुवर्षे शोध घेत राहिले, आणि २००४ मध्ये त्यांना टिकटालिक सापडला. त्याला खवले होते, कल्ले होते, पण पराच्या आत मनगटासारखी हाडेही होती. सर्वसाधारण माशाचे डोके खांद्याच्या हाडांना जोडलेले असते. टिकटालिकचे डोके त्यांपासून सुटे झालेले होते, म्हणजेच धड न हलवता मान वळवून त्याला बाजूला पाहता येत असे.