मंडपाचा विस्तार आणि टाळकऱ्याची जागा : स्वस्त इअरफोनमधील साउंडस्टेज आणि इमेजिंग

आमच्या परभणीकडे हरिनाम सप्ताहात वीज गेली आणि भोंगे बंद पडले तरी कीर्तन थांबत नाही. अशा वेळी अंधारात बसून ज्याने कीर्तन ऐकले आहे, त्याला साउंडस्टेज आणि इमेजिंग यांतील भेद मुळापासून शिकवण्याची गरज नाही. हे दोन शब्द त्याच्या अनुभवाशी जोडून दिले की पुरे. काही दिसत नसतानाही आपण दगडी सभामंडपात आहोत की उघड्या शिवारातल्या मांडवात, समोरची जागा केवढी लांबरुंद आहे, हे कानांना जाणवते, ते साउंडस्टेज. मृदंग बुवांच्या कोणत्या हाताला आहे आणि मागच्या रांगेतला कितवा टाळकरी चाल उचलतो आहे, हे त्याच अंधारात बोट रोखून सांगता येते, ते इमेजिंग.

इअरफोन घेताना मात्र या दोन्ही गोष्टींची सरमिसळ होते, आणि आवाज पसरट वाटला की तो नेमकाही असणार, असे आपण धरून चालतो. माझ्याकडे दीड हजारांच्या आतले दोन जोड आहेत आणि गावच्या काकड्याचे भजन मी दोन मायक्रोफोनच्या छोट्या रेकॉर्डरवर टिपलेले आहे. पहिल्या जोडातून ते ऐकले की देऊळ मोठे वाटते, परंतु टाळांचा नुसता झगमगाट सर्वत्र पसरतो आणि एकही टाळकरी आपल्या जागी सापडत नाही. दुसऱ्या जोडात देऊळ आक्रसते, पण डावीकडचे तीन टाळकरी वेगवेगळे मोजता येतात. मी दुसराच जोड वापरतो.

असे का घडते, हे समजण्यासाठी दिशा कळते कशी, ते पाहावे लागेल. अगदी डाव्या बाजूने आलेला आवाज उजव्या कानाशी सुमारे 0.65 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि मध्ये डोक्याचा आडोसा असल्याने उंच स्वर त्या कानाला क्षीणही ऐकू येतात. या दोन फरकांवरून मेंदू समोरच्या दिशेला सुमारे 1 अंशापर्यंतचा बदल ओळखू शकतो. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने 1931 मध्ये स्टिरिओ ध्वनिमुद्रणाच्या पेटंटसाठी जो अर्ज केला, त्याचा पाया हाच होता. हे फरक ध्वनिमुद्रणातच साठवलेले असतात, त्यामुळे इअरफोनने ते न बिघडवता कानापर्यंत पोहोचवले की काम झाले. त्यासाठी डावी आणि उजवी बाजू प्रत्येक स्वरपट्टीत सारखी वाजली पाहिजे. ती तशी नसेल, म्हणजे खर्जात डावी आणि तारस्वरात उजवी बाजू किंचित जोरात असेल, तर एकाच बुवांचा आवाज फाटून दोन्हीकडे ओढला जातो. दोन्ही बाजूंची जोडी नीट जुळवणे हे महागड्या सुट्या भागांपेक्षा कारखान्यातल्या काळजीचे काम आहे, आणि म्हणूनच स्वस्त इअरफोनकडूनही चांगल्या इमेजिंगची अपेक्षा ठेवणे मला रास्त वाटते.

साउंडस्टेजची अडचण रचनेतच आहे. समोरचा, मागचा, वरचा आवाज वेगळा कळावा म्हणून कानाची बाहेरची पाळी त्याला विशिष्ट वळण देत असते. कानात खोचलेला इअरफोन त्या पाळीला वगळूनच पुढे जातो. शिवाय मोकळ्या जागेत डावीकडचा आवाज उजव्या कानालाही पोहोचतो, तो येथे मुळीच पोहोचत नाही. परिणामी सारे कीर्तन दोन कानांच्या मध्ये, डोक्याच्या आतच उभे राहते. काही उत्पादक गायकाचा मधला स्वरपट्टा दाबतात आणि तारस्वर वाढवतात. त्यामुळे बुवा मागे सरकल्यासारखे वाटून जागा मोठी झाल्याचा भास होतो, आणि माझ्या पहिल्या जोडाचे इंगित हेच आहे. फोनमधील सराउंड इफेक्टही बहुधा विस्तार वाढवतात, पण त्याची किंमत नेमकेपणातून वसूल करतात.

इमेजिंगची परीक्षा घरी सहज घेता येते. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज देणारी सोय, सुरू करावा, बॅलन्स मध्यावर आहे याची खात्री करावी आणि एकट्या गायकाचा अभंग लावावा. आवाज दोन भुवयांच्या मध्ये एका बिंदूवर स्थिरावला पाहिजे. तो एका बाजूला कलत असेल, तर डावा इअरफोन उजव्या कानात आणि उजवा डाव्या कानात घालून पाहावे. कल बाजू बदलत असेल तर दोष इअरफोनचा, आणि कल पूर्वीच्याच बाजूला राहत असेल तर तो कानाचा किंवा टिप, म्हणजे इअरफोनच्या टोकावरची रबरी टोपी, नीट न बसण्याचा. माझ्या बाबतीत अदलाबदल करूनही बुवा उजवीकडेच राहिले, कारण माझी डावी कानाची नळी थोडी मोठी असल्याने तेथून खर्ज गळत होता. फक्त डाव्या बाजूला एक माप मोठी रबरी टिप लावली, आणि बुवा मधोमध येऊन उभे राहिले.